खडूची फुली

बाबा, परवा आपल्या घरात तुमच्या दुकानातला तोच जळका वास आला. या वेळी मोटरचा नव्हे, नखाएवढ्या चिपचा. आईला आता खाटेवरून उतरता येत नाही आणि गोळ्या उशाशी ठेवल्या तर विसरून दोनदा घेते. मी कामावर असताना ठरल्या वेळी एकच गोळी तिच्यापर्यंत नेईल अशी चाकांची छोटी गाडी मी बनवते आहे. तिच्या मोटरींना वीज देणारी चिप कुठली घ्यावी, यात आठवडा घालवला. शेवटी गाडी टेबलावर उचलून धरली, चाकं मोकळी फिरताना मोटर किती वीज खाते ते मोजलं आणि तेवढंच झेपेल अशी चिप घेतली. गाडी उंबरठ्याला अडली, चाकं जागीच थांबली, अडलेल्या मोटरींनी कितीतरी पट वीज ओढली आणि चिपमधून धूर निघाला. "काय जळला गो? बाबाच्या दुकानासारखो वास येता!" आई खाटेवरून ओरडली.

डिचोलीच्या आपल्या मोटर दुरुस्तीच्या दुकानात तुम्ही मला दुसरं काय शिकवलंत? "फिरती मोटर कोणय बघता. अडली की किती खाता, ता बघ गो." तुम्ही तार गुंडाळायची, मी टोकं जोडायची. मग मीच मोटरचा फिरता शाफ्ट चिमट्यात घट्ट धरून, तीन मोजेपर्यंत मीटरचा काटा बघायचा आणि नंतरच मोटरच्या पाठीवर खडूने फुली मारायची. खाणीवरचे लोक त्या फुलीला देवाचा कौल मानायचे.

आणि तो एक दिवस. शिरगावची जत्रा. मैत्रिणी दारात ताटकळलेल्या. तुम्ही पावाची पिशवी घेऊन येता, विचारता, "धरलंस मां गो?" मी "धरलंय" म्हणते. धरलेली नसते, फुली मात्र मारून झालेली असते. दुसऱ्या दिवशी खाणीच्या पंपावर ती मोटर जळते, खाणीचा खड्डा पाण्याने भरतो, मुकादम दुकानात येऊन वाट्टेल ते बोलतो. तुम्ही हात जोडता. "पोरीन धरून बघलेली. गुंडाळताना माझोच हात चुकलो."

जळकी मोटर मी एकटीने उघडली. माझाच जोड सैल होऊन सुटला होता. सांगायला तोंड उघडलं नाही. माझ्या फुलीवर तुमचा इतका विश्वास, की शंका तुम्ही स्वतःच्या हातावर घेतलीत. मग वेढे पुन्हा पुन्हा मोजायला लागलात, आणि वर्षभरात तार हातात धरणंच सोडलंत. तुम्ही गेलात, पण मला त्याची अजून लाज वाटते.

आज थोराड चिप बसवली, चाक मुठीत दाबून, काटा बघून निवडलेली. उंबरठ्याला फळी लावली. गाडी खाटेपर्यंत पोचली. हा कागद खरं तर तुम्हाला नव्हे, आईला वाचून दाखवायला हवा. तिने गोळी घेतली आणि म्हणाली, "बरा केलंस गो. तुझ्या बाबाचो हात मात्र शेवटाक चुकाक लागलो होतो."

मी तिचा पाण्याचा पेला उचलला आणि म्हणाले, "होय."