झाडाने गाळलेलं पाणी

११ मार्च

आत नऊशे. बाहेर साडेचारशे. उरलेलं साडेचारशे गेलं कुठे? कार्त्यायनीच्या पायांत! घोट्यावर अंगठा दाबला तर खळगा पडतो, आणि मी वीस मोजेपर्यंत भरत नाही.

वही आतिराची. नात नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे; मला अप्पूप्पा म्हणते, आजीला अम्मूम्मा. अर्धी वही आहारशास्त्राने भरली, उरलेली पानं मला दिली. "अप्पूप्पा, अम्मूम्मा जे जे पिईल ते डावीकडे, लघवी उजवीकडे. मिलिलिटरमध्ये. दिवसाला एक लिटरच्या वर थेंब नाही." ती हॉस्टेलवर असते, रविवारी येऊन बेरीज तपासते. मी चौथी शिकलेला. जन्मभर माडांवर चढलो, नारळ मोजले. आता बायकोची लघवी मोजतो. शेवटची पानं वेगळी टाचून घेतलीत, तिथे हे लिहितो. बघायला कोण येतंय!

कार्त्यायनीची मूत्रपिंडं पंधरा टक्केच चालतात. पथ्य पाळलं तर रक्त धुवायचं मशीन टळेल, असं डॉक्टर म्हणाले. नाही पाळलं तर काय, ते त्यांनी आतिराला इंग्रजीत सांगितलं. इंग्रजीत सांगितलं म्हणजे काय, ते मला कळलं.

१३ मार्च

भाजी दोनदा उकळायची, पाणी फेकायचं. त्यात वाईट क्षार जातात म्हणे.

कार्त्यायनी म्हणाली, "चव गटारात आणि चोथा ताटात. एवढं शिकायला हॉस्टेलवर राहावं लागतं होय?"

मी हसलो नाही. पेजेतलं पाणीही मोजावं लागतं. आज मोजायला विसरलो.

१६ मार्च

आतिरा ओसरीवर मोठ्याने पाठ करत होती. मूत्रपिंड म्हणजे चाळणी, दिवसभर रक्त गाळते. मी विचारलं, "चाळणी बुजली तर?"

"घाण रक्तात साचते, अप्पूप्पा."

"मग आधीच गाळलेलं पाणी दिलं तर चाळणीला आराम नाही का पडणार?"

"फिल्टरचं म्हणता? देतोच की आपण." तेवढ्यात तिची बोट आली. पळाली.

१९ मार्च

तीन रात्री हेच डोक्यात. फिल्टर म्हणजे प्लॅस्टिकचं नळकांडं. त्याच्यापेक्षा मोठी चाळणी दारात उभी आहे! कायलच्या खाडीकाठची खारट जमीन, तिच्यातलं पाणी मुळातून चाळीस हात वर चढतं आणि शहाळ्यात उतरतं तेव्हा गोड असतं. ना माती लागली, ना माणसाचा हात. आमच्याकडे ताप आला की शहाळं, उलट्या झाल्या की शहाळं. बाळंतिणीला, म्हाताऱ्याला, मरणाऱ्यालाही.

जास्त नाही द्यायचं. लिटरातलं साधं पाणी दोनशे कमी करायचं, तेवढंच हे. हिशेब तोच.

२० मार्च

चढणं बंद होऊन नऊ वर्षं झाली. बांबूला कोयता बांधून बुटक्या माडाचं शहाळं पाडलं. मनगट सोलवटलं.

कार्त्यायनीने ग्लासाकडे पाहिलं. मग माझ्या मनगटाकडे. "आतिराला विचारलंत?"

"पाणीच तर आहे!"

तिने माझ्या मनगटावर फुंकर घातली. मग म्हणाली, "नकाच सांगू तिला. परीक्षा आहे पोरीची." आणि सगळं प्यायली. डोळे मिटून. महिनाभरात तिच्या तोंडावर असं सुख पाहिलं नव्हतं.

डावीकडे लिहिलं: पाणी २००. खोटं नाही ते.

२८ मार्च

रोज दुपारी विचारते, "आणलंत का माझं?" लग्नानंतर पहिल्यांदाच काही मागते आहे, असं वाटतं. पन्नास वर्षं मी दुसऱ्यांच्या माडांवर होतो.

"नेम आहे हो अजून तुमचा," म्हणाली. मी म्हाताऱ्या बैलासारखा लाजलो.

६ एप्रिल

पायांत जोर नाही म्हणते. ओठांना मुंग्या. भाज्यांतला जीव उकळून फेकतो, जोर येणार कुठून? आजपासून दोन ग्लास. पाणी ४००.

आतिराने वही पाहिली. "अप्पूप्पा, आमच्या वॉर्डातल्या सिस्टरपेक्षा तुमची वही चोख!" मला रडू आलं.

१२ एप्रिल

उठवत नाही तिला. मला भीती वाटते. कशाची ते लिहवत नाही. तरी ग्लास संपवला.

१५ एप्रिल

काल विषू, आमचं नवं वर्ष; उठल्यावर पहिलं दर्शन देवाचं. पहाटे तिचे डोळे झाकून देवापुढे नेलं. हात काढले. दिव्याकडे, कोन्नाच्या पिवळ्या फुलांकडे पाहिलं आणि तशीच खाली बसली. नाडी मध्येच थांबायची.

हॉस्पिटलात डॉक्टर आतिरावर ओरडले. "पोटॅशियम साडेसात! घरात नर्सिंगची मुलगी असून? काय खायला घातलंत?"

पोरीने वही पुढे केली. "सर, थेंबन् थेंब लिहिलाय. माझे अप्पूप्पा चुकत नाहीत."

मी भिंतीकडे बघत होतो. तिथे एक तक्ता. चित्रांचा — माझ्यासारख्यांसाठीच असावा. केळं, त्यावर लाल फुली. बटाटा, लाल फुली. आणि नळी खोचलेलं हिरवं शहाळं.

मी बोललो नाही. देवा, मी बोललो नाही! शेवटी सिस्टरच्या कानात सांगितलं, पुटपुटत. तिने माझ्याकडे पाहिलं आणि डॉक्टरांकडे धावली. आतिरा तेव्हा रक्त आणायला गेली होती.

१६ एप्रिल

मशीन लावलं. हृदय दोनदा बंद पडलं. दुसऱ्यांदा सुरू झालं नाही.

आत शून्य. बाहेर शून्य.

१९ एप्रिल

आतिरा जेवत नाही. "मी बेरीज तेवढी बघितली. पोटात काय काय जातं, हे विचारलं नाही, पाय दाबून बघितले नाहीत. मी नर्स व्हायच्या लायकीची नाही. कॉलेजातून नाव काढून घेते मी." पुस्तकं बांधून ठेवलीत. तिला अजून काही ठाऊक नाही. ती आपली चूक शोधते आहे, आणि चूक शेजारी बसून पेज पिते आहे.

२२ एप्रिल

चिता अंगणाच्या दक्षिण कोपऱ्यात रचली होती. त्या जागी माडाचं रोप लावायची रीत. सगळे उभे, रोप माझ्या हातात. मला लावता येईना.

आतिरा म्हणाली, "अप्पूप्पा, लावा ना. अम्मूम्मा आहे ती."

मी रोप खाली ठेवलं आणि टाचलेली पानं सोडवून तिला दिली. पहिल्यापासून. वाच म्हटलं. पुस्तकांची दोरी सोड म्हटलं, चूक तुझी नाही.

२३ एप्रिल

रात्रभर वाचत होती. सकाळी पानं परत घेऊन माझ्यापाशी येऊन बसली. ओरडेल असं वाटलं. नाही. म्हणाली, "अप्पूप्पा, पहिल्याच दिवशी अम्मूम्माला मी स्वयंपाकघरात बसवून सांगितलं होतं. शहाळं नाही, जिवावर बेतेल. तिने मला तीनदा म्हणून दाखवलं होतं."

आणलंत का माझं — असं तीच विचारायची. रोज.