पुसलेल्या बाटल्या

३ डिसेंबर
ताई आली. सुंदरबनातून, चिखलासकट. आमच्या बेहालातल्या या फ्लॅटमध्ये टेबल एकच, त्यावर तिच्या गोगलगायींच्या बाटल्या. स्पिरिटच्या वासात आम्ही जेवायचं. समुद्राकाठच्या युनिव्हर्सिटीत पीएचडी करते ना, तिला कोण बोलणार.
मला म्हणाली, "तू रिकामीच आहेस, मापं घे."
रिकामी. अकरावीत शाळा सोडल्यापासून हेच नाव आहे माझं.

५ डिसें.
तिच्या दोन बॅगांपैकी एकीतल्या शंखांची मापं झाली. दोन खाड्यांतल्या गोगलगायी. एका खाडीत खेकडे जास्त, दुसरीत कमी. खेकडे फोडतात म्हणून तिथले शंख जाड होतात का, हे ताईला शोधायचंय. काही शंखांची कड तुटून परत भरून आलीय. छान दिसतं. तिला सांगणार नाही.

६ डिसें.
दुसरी बॅग उघडली. बाटल्या आडव्या, स्पिरिट गळलेलं, मार्करचं लिहिलेलं सगळं गेलं. कुठली कुठल्या खाडीची, कळायला मार्ग नाही. पेन्सिलीनं चिठ्ठी लिहून बाटलीच्या आत टाकायची असते, परवाच मला ऐटीत शिकवत होती. हिनंच टाकल्या नाहीत. भरती येत होती म्हणे.
रात्री जेवताना तिचा पीएचडीच्या सरांना फोन. "सर, छोटी बहन ने पोंछ दिया, उसको समझता नहीं।"
मी समोरच भात कालवत होते. आईनं फक्त वरण वाढलं.

७
बाबा बँकेतून आल्या आल्या, "काय गं, काय केलंस तिच्या बाटल्यांना?"
म्हणजे घरातही तेच सांगितलंय.

८
आज ताई गोड. चहा करून दिला! "तुझं बारीक लक्ष असतं. कड तुटलेल्या जास्त, ती खेकड्यांची खाडी. तशा लाव ना वेगळ्या."
"पण मग उत्तर आधीच लिहिल्यासारखं झालं. तेच तर शोधायचंय ना तुला?"
माझा कप उचलला. मग, "अकरावी झेपली नाही, आणि मला रिसर्च शिकवते."
रडू आलं, तेही तिच्यासमोर. त्याचाच जास्त राग.

९
उद्या सरांचा व्हिडिओ कॉल. ताईचं म्हणणं, मी सांगायचं की पुसायच्या आधी बघितल्या होत्या, सगळ्या ओळखते. खोटं. "दोन वाक्यं बोल गं. नाहीतर वर्ष जाईल माझं." जंगलात जायची परवानगी आता पुढच्या थंडीतच. बाथरूममध्ये नळ सोडून रडत होती. मला बरं वाटलं. मग नाही वाटलं.
हो म्हटलं नाही. नाही पण नाही.

१० डिसें.
कॉल झाला. अनोळखी माणसासमोर मला बोलताच येत नाही, शाळा त्यापायीच सुटली. तरी बोलले. "सर, मैंने नहीं पोंछा।"
सर म्हणाले, "ठीक है। पर पहचानती हो कि नहीं?"
टेबलाखाली ताईनं माझा हात धरला, घट्ट. मी सोडवून घेतला.
"सोच लो दोनों। चार बजे फिर करता हूँ।"
ताई आतून कडी लावून बसलीय. आई दार वाजवून थकली. चारला दहा मिनिटं कमी. लॅपटॉप माझ्यासमोर. ती आली नाही तर मलाच सांगावं लागेल, बाटल्या मी ओळखत नाही.