डोरीनबाईंचा टोस्ट

पिस्कॅटवे, अमेरिका, १२ मार्च १९८६

ती. बाबा,

नमस्कार. माझा खोकला गेला, जेवणही वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे?

शिकता शिकता मी इथल्या टीव्ही स्टेशनवर आवाजाचं तांत्रिक काम करते. परवा तिथे डोरीन ॲशबी या ब्रिटिश अभिनेत्रीची मुलाखत होती. मायक्रोफोनची पातळी ठरवायला आम्ही सगळ्यांना एकच विचारतो: सकाळी काय खाल्लंत?

"टोस्ट," त्या म्हणाल्या. "मालिकांत मोलकरणींच्या भूमिका करायचे तेव्हाही टोस्ट, आता इन्स्पेक्टर झाले तरी टोस्टच. वडील म्हणाले होते, नटी होऊन उपाशी मरशील. त्यांनी माझं एकही काम पाहिलं नाही."

शेवटच्या वाक्याला आवाजाच्या मीटरचा काटा एकदम खाली आला. ते वाक्य मी त्यांना पुन्हा म्हणायला लावलं नाही.

स्टेशननं मला कायमची नोकरी देऊ केली आणि मी होकार दिला आहे. डिग्री ठरल्याप्रमाणे पूर्ण करीन. पण मे महिन्यात बर्व्यांचा मुलगा पाहायला येणार नाही. त्यांना तसं स्पष्ट कळवा. हा निर्णय बदलणार नाही.

तुम्ही रागवाल. रागावून का होईना, उत्तर तुमच्या हातचं हवं. आईला लिहायला बसवू नका.

तुमची,
सुलभा