फाट्यावरचा थांबा

प्रिय आई,

गाडी घेतली. पांढरी आहे, जुनी आहे, उजव्या कुशीवर मांजरानं ओरबाडावं तसा एक लांब ओरखडा आहे, आणि मागचं दार उघडलं की फोमची अख्खी गुंडाळी न दुमडता सरळ आत जाते. माझ्या छोट्या गाडीच्या टपावर मी फोम बांधून न्यायचे, ते तुम्हाला आठवत असेल. मागच्या पावसाळ्यात दोरी सुटली आणि माझा फोम महामार्गावर असा काही सुटला की मागचा ट्रकवाला थांबून हसत बसला. मग त्यानंच गोळा करून दिला. त्या दिवशी ठरवलं, आता व्हॅन घ्यायचीच.

काम वाढलंय. डोळ्यांच्या एका मोठ्या दवाखान्याच्या सगळ्या शाखांमधल्या खुर्च्या नव्यानं मढवायचं काम मिळालंय. शाखा महामार्गाच्या कडेनं एकेका शहरात आहेत. तिथं माणसं डोळ्यांत औषध घालून बसलेली असतात. वाचता येत नाही, फोन दिसत नाही, मग करणार काय बिचारी, तर नखांनी रेक्झिन कुरतडतात. प्रत्येक खुर्चीला उजव्या मांडीजवळ भोक. त्या भोकांवर माझं पोट चाललंय. जाऊन मापं घ्यायची, गाद्या इथं आणून मढवायच्या, परत नेऊन बसवायच्या. म्हणजे एका फेरीत पाच-सहा तास रस्ता, आणि शेजारची सीट रिकामी. तिच्यावर मी माझी पाण्याची बाटली ठेवते आणि वळणावर ती घरंगळली की तिलाच रागावते.

राहायला आता शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या आहेत. एकीत मी झोपते आणि दुसरीत छतापर्यंत फोम. फोममुळे आवाज घुमत नाही, आई. मी शिंकले तरी ते तिथल्या तिथं विरून जातं. पहिले काही दिवस वाटायचं, कानालाच काही झालंय. मग कळलं, कान बरे आहेत. रेडिओ लावून ठेवते. खाली शिंप्याचं मशीन चालू असतं तोवर बरं वाटतं, त्यानं दुकान बंद केलं की खोली एकदम मोठी होते.

तर गाडी. पहिल्या ठिकाणी दलाल म्हणाला, “मॅडम, साहेबांना घेऊन या, मग सविस्तर बोलू.” मी म्हटलं, “साहेब मीच.” तो असा हसला की जणू मी विनोद केला. त्याच्या गाडीवर किलोमीटरचा आकडा अगदी कोवळा होता, पण मी सीटवर बसले आणि थेट खालची पट्टी लागली. इतका फोम बसायला गाडी किती हिंडली असेल, ते मला कुणी सांगायला नको. उठले, आभार मानले आणि निघाले. दुसऱ्या ठिकाणी बॉनेटवर हात ठेवला तर कोमट. तुम्ही सांगितलं होतं, विकणाऱ्यानं खोड लपवायला आधीच गाडी गरम करून ठेवली असेल तर तिथं चहासुद्धा प्यायचा नाही. नाही प्यायले.

खरं सांगू, त्या सगळ्या दिवसांत तुमचाच आवाज कानात होता. बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात तुम्ही मला घरच्या लाँड्रीची गाडी शिकवायचात. घरातल्या सगळ्यांना वाटायचं, सासू-सून बाजारात गेल्यात. मी गाडी भिंतीकडे नेली की तुम्ही ओरडायचात, “भिंगरी, आधी आरसा बघ, शिव्या नंतर!” इस्त्री केलेल्या चादरींचा तो वास, मागे हिंदकळणारे गठ्ठे, आणि क्लच सोडताना माझा पाय थरथरला की माझ्या गुडघ्यावर तुमचा हात. माझ्या आईनं मला सगळं शिकवलं, पण ती लवकर गेली. भरधाव रस्त्यावर घाबरायचं नाही, हे मात्र तुम्ही शिकवलंत.

तुमचा मुलगा आणि मी वेगळे झालो तेव्हा फारसं भांडणही झालं नाही. लोकांना वाटलं, किती समजूतदार. कपाट त्यानं घेतलं, शिलाईचं मशीन मी. भांडी निम्मी निम्मी. तुम्ही तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होतात, हातात माझा डबा. “हा तुझा,” एवढंच म्हणालात. त्या वाटणीत तुमचं नाव कुठंच निघालं नाही. निघणार तरी कसं? तुम्ही त्याच्या आई, त्याच्याकडेच राहणार, हे सगळ्यांनी न बोलताच धरलं होतं. मीही धरलं. नंतर तुमचे फोन यायचे. मी “बरी आहे” म्हणायचे, तुम्ही “जेवलीस का” विचारायचात, आणि मग दोघींना पुढचं वाक्य सुचायचं नाही. घरात नवी सून आली आणि फोन थांबले. मला राग नाही, खरंच नाही. तिच्यासमोर माझ्याशी बोलताना तुम्हाला आवाज खाली घ्यावा लागला असता, आणि तुमचा आवाज काही खाली येत नाही.

गाडी शेवटी मिळाली ती एका फरशी बसवणाऱ्या काकांकडे. आयुष्यभर गुडघ्यांवर बसून त्यांचे गुडघे गेले, म्हणून विकत होते. मी विचारायच्या आतच त्यांनी गाडीचं सगळं दुखणं सांगून टाकलं. डावीकडच्या पायरीखाली पत्रा सडायला लागलाय, एक चाक आतून जास्त झिजलंय, आणि “दुसरा गिअर सकाळी जरा रुसतो. ओढायचा नाही, समजूत काढायची.” मी इंजिन गार असताना सुरू करून बघितलं, खाली वाकून पत्रा चाचपला, मग त्यांना शेजारी बसवून महामार्गावर एक चक्कर मारली. वेग वाढवला तरी गाडी थरथरली नाही. परत आले तेव्हा त्यांची बायको अंगणात उभी होती. गाडी मागे घेऊन मी एका दमात दोन झाडांच्या मधे लावली. तिनं कौतुकानं विचारलं, “कुणी शिकवलं गं?”

मी म्हटलं, “सासूबाईंनी.”

“नशीबवान आहेस. घेऊन ये त्यांना एकदा, चक्कर मारून आण.”

मी “हो” म्हणाले. दुरुस्त करायला हवं होतं, की आता त्या माझ्या सासूबाई नाहीत. पण मग कोण आहेत, हे तिनं विचारलं असतं तर मला शब्द सापडला नसता. नवरा गेला तर बाईला विधवा म्हणतात, संसार मोडला तर घटस्फोटित म्हणतात. सासू गेली, तीही जिवंतपणी, तर काय म्हणतात? गाडी घेऊन निघाले आणि टोलनाक्याच्या पुढे कडेला थांबवून बराच वेळ रडले. घटस्फोटाच्या दिवशीही इतकी रडले नव्हते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. दवाखान्याची शेवटची शाखा तुमच्या गावाच्या पुढे आहे. एकाआड एका गुरुवारी दुपारी मी तुमच्या फाट्यावरून जाणार आहे. घरी येणार नाही, तुम्हाला आणि कुणालाच अवघडल्यासारखं करणार नाही. फाट्यावर पेट्रोल पंपाला लागून चहाचं हॉटेल आहे, तुमच्या घरापासून पायी येण्यासारखं. येत्या गुरुवारी मी तिथं चहाला थांबेन. फोन केला असता, पण फोनवर तुम्हाला लगेच हो किंवा नाही म्हणावं लागलं असतं, तेही सगळ्यांसमोर. पत्राचं तसं नसतं. तुम्ही नाही आलात तर मी चहा पिऊन पुढे निघेन, आणि पुढच्या फेरीला पुन्हा थांबेन. रस्त्यावर थांबायला मला कुणाची परवानगी लागत नाही, आई. तुम्हाला ‘आई’ म्हणायला मात्र तुमचीच लागते. तेवढी द्या.

अजूनही तुमचीच,
भिंगरी