टॉवरच्या डोक्यावरचा पिसारा

४ फेब्रुवारी, मंगळवार

लागले! नदीपलीकडच्या त्या उंच टॉवरच्या डोक्यावर माझ्या नातीचे दिवे लागले! तिचेच म्हणायचे — कुठला दिवा कुठे, कुणाचं तोंड कुठे, सगळं तिने कागदावर काढलेलं. घरात आम्ही तिला चिमणी म्हणतो, आणि आता जाऊन बसते कुठे, तर पार वरच्या गच्चीच्या काठावर. टोपणनाव देताना थोडा विचार करायला हवा होता.

मी इकडे गॅलरीत, खुर्चीवर, फोन कानाला. ती वर, सोबत वायरमन. त्याने दिव्याची मान वळवायची आणि हिने मला विचारायचं — "आजी, आता?" मी म्हणायचं, अजून जरा खाली. वर उभं राहून तिला काही कळत नाही, आणि टॉवरच्या पायथ्याशी उभं राहून बघणाऱ्याची मान मोडते. आमची गॅलरी बरोब्बर समोर. माझ्याशिवाय टॉवर पेटत नाही म्हणा ना!

कसं दिसतं ते लिहून ठेवते. एकेका दिव्याभोवती गोल कडं. त्या कड्याबाहेर आणखी एक. त्यातून बारीक किरणं निघतात आणि शेजारच्या दिव्यात मिसळतात. कडेला थोडा जांभळा, थोडा पिवळा. मोराने पिसारा उघडावा तसं. तिला सांगितलं तर फोनवर किंचाळलीच, "मिसळतात? नक्की? सुटे सुटे नाही ना दिसत?" म्हटलं, अगं, एक ठिपका दिसेल तर शपथ.

सूनबाईची इस्त्रीच्या दुकानात संध्याकाळची पाळी. ती घरी येईपर्यंत दिवे बंद. तिला हातवारे करून दाखवलं. "आई, कपबशी सांभाळा," म्हणाली.

६ फेब्रुवारी, गुरुवार

ही वही चिमणीनेच दिली, माझी तिसरी इयत्ता गंजू नये म्हणून. दिली तेव्हा म्हणाली, मनातलं लिही. तर आज मनात काळजी आहे.

तिच्या साहेबांना हे दिवे पसंतच नाहीत! ते म्हणतात, लांबून नुसते ठिपके दिसतील, पुढे दुधी काच बसवा. ही म्हणते, दुधी काचेने उजेड मरतो, लांबून दिवे आपोआप मिसळतात. "कोण म्हणतं?" साहेब म्हणाले. ही म्हणाली, "समोरच्या काठावर माझं माणूस आहे. रोज बघतं." माझं माणूस! मी फोनवरच लाजले.

पण खरी काळजी पुढे आहे. चौदा तारखेला, शुक्रवारी, टॉवरचे मालक स्वतः आमच्या काठावर येऊन बघणार. पसंत पडलं तर पुढचं कामही हिचं. नाही पडलं तर दिवे उतरवून तिथे कंपनीच्या नावाची लाल पाटी, आणि हिच्या हातात नारळ.

मी म्हटलं, घाबरतेस काय? मी बघते ना रोज, माझ्या डोळ्यांनी!

८ फेब्रुवारी, शनिवार

वारा फार, वर कुणाला सोडलं नाही. दिवे नाहीत. चैन पडेना. गुडघाही बोलतोय. चंद्राला खळं पडलंय, मोठं थोरलं. हल्ली रोजच पडतं, हवाच बदलली आहे सगळी.

शेजारच्या शिंपिणीकडे जाऊन बसले. माझ्या सुईत दोरा ओवून देत म्हणाली, "मावशी, सुई इकडे, तुम्ही तिकडे कुठे ओवत होता?" म्हटलं, ही सुईच वळवळते.

१० फेब्रुवारी, सोमवार

लिहू की नको.

संध्याकाळी दिवे लागले. मला मिरवायचं होतं, म्हणून शिंपिणीला मशीनवरून उठवून गॅलरीत ओढत आणलं. "बघ माझ्या नातीचा पिसारा!" ती बघत राहिली. मग म्हणाली, "छान आहे की. काळ्या कापडावर बटणं लावल्यासारखं."

"बटणं? अगं कडी बघ, किरणं बघ!"

"कुठली किरणं, मावशी?"

मला वाटलं थट्टा करते. थट्टेखोर आहेच मेली. मी खालचा रस्त्यावरचा दिवा दाखवला — त्याला तरी कडं दिसतं ना? नाही. चंद्राला खळं? नाही. तिला नुसता चंद्र दिसत होता.

तिने माझा हात धरला. "मावशी, डोळे कधी दाखवलेत?"

दाखवले होते की मागच्या वर्षी. डॉक्टर म्हणाला, मोतीबिंदू आहे, काढून टाकू. मीच म्हटलं, कच्चा असेल तर राहू दे, पिकू दे. पिकला! असा पिकला की त्याला पिसारा फुटला.

फोन कानालाच होता. पलीकडे चिमणी, वाऱ्यात ओरडत — "आजी, आता? मिसळले?"

मी म्हटलं, हो.

हो म्हटलं मी!

११ फेब्रुवारी, मंगळवार

डोळ्याला डोळा लागला नाही. तिला सांगितलं तर तिच्या पायाखालची गच्ची सरकणार. नाही सांगितलं तर शुक्रवारी मालक इथे उभे राहून बटणं बघणार, आणि साहेब सगळ्यांसमोर विचारणार — कुठे आहे तुझं ते माणूस?

शिंपीण म्हणाली, "मालकालाही मोतीबिंदू असला तर?" हसू आलं. मग हसता हसता रडू.

शेवटी सूनबाईला सांगितलं. ती चपला घालत होती, तशीच थांबली. "फोन करा. आत्ता. मी करणार नाही, तुम्हीच सांगा." लेक बोटीवर, समुद्रात. तो असता तर त्याच्या मागे लपले असते.

सांगितलं. चिमणी म्हणाली, "आठवडाभर साहेबांशी भांडले, आजी. तुझ्या जोरावर." आणि ठेवलाच.

जोर! माझा!

१२ फेब्रुवारी, बुधवार

चिमणी पलीकडच्या काठावरच्या तिच्या खोलीवरून आली. पाणीसुद्धा नको म्हणाली. समोर खुर्ची ओढली, कागद काढला, पेन्सिल काढली. "काय दिसतं ते सांग. पहिल्यापासून." पोलिसासारखी! कडं केवढं? बाहेरचं आतल्यापेक्षा फिकं का? किरणं खाली जास्त की वर? जांभळा आत की बाहेर? अंधार पडल्यावर रस्त्यावरचा दिवा दाखवून म्हणाली, "कडं कुठपर्यंत आहे, हवेत बोट फिरवून दाखव." मी फिरवलं. चोराने माल कुठे पुरला ते दाखवावं तसं.

शेवटी राहवेना. म्हटलं, चिमणे, मी तुझं वाटोळं केलं गं.

वर बघितलं नाही. कागद गुंडाळला. दारातून एवढंच — "आधी डोळ्याची तारीख घे."

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

मालक आलेच नाहीत. टॉवरच्या डोक्यावर काळोख. चिमणी सूनबाईला फोनवर म्हणाली, पुढे ढकललंय, बाकी काही विचारू नका.

मी कशाला विचारतेय! विचारायला तोंड हवं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

टॉवरच्या डोक्याला ताडपत्री गुंडाळली. उतरवतायत. दिवे उतरवले की लाल पाटी. शिंपीण म्हणते, "खोकी वर जाताना दिसतात मावशी, खाली नाही." ती आपलं मला बरं वाटावं म्हणून बोलते. पाटीही खोक्यातूनच येत असेल.

डोळ्याची तारीख मिळाली, तीन मार्च. आधी उजवा.

खुर्ची गॅलरीतून आत आणली.

२ मार्च, रविवार

चिमणीचा फोन. "घाबरू नकोस, डोळा मिटून उघडायच्या आत होतं." म्हटलं, डोळा मिटू देतील तर ना! हसली थोडी. दिव्यांचा विषय तिने काढला नाही, मीही नाही. नोकरी आहे की गेली, तेही माहीत नाही मला.

४ मार्च, मंगळवार

पट्टी निघाली! सूनबाईने पाळी बदलून घेतली, संध्याकाळी खुर्ची परत गॅलरीत मांडून मला बसवलं. "डावा झाका आणि बघा." झाकला. रस्त्यावरचा दिवा — टकला! ना कडं, ना किरण. चंद्र नखाएवढा, घासून ठेवल्यासारखा. शिंपिणीच्या खिडकीतली सुईसुद्धा दिसेल असं वाटलं.

मग नदीपलीकडे बघितलं. पिसारा! तीच कडी, कड्याबाहेर तेच फिकं कडं, तीच किरणं एकमेकांत शिरलेली, कडेला जांभळा. ओरडलेच मी — "सूनबाई, डोळा वाया गेला गं! तुला काय दिसतं सांग. बटणंच ना?"

ती माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी. "नाही आई. पिसारा. तुम्ही सांगितलंत तसं दिसेल अशा काचा कापून घेऊन दिव्यांपुढे बसवल्या तिने. मालक परवाच बघून गेले, पुढचं कामही तिलाच दिलंय. तुम्हाला सांगायचं नाही, दाखवायचं, असं ठरलं होतं आमचं."

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे वारा, आणि वाऱ्यात ती —

"आजी, आता?"