रेवाच्या आतले लोक

१८ नोव्हें.
माझ्या रेवाला परत न्यूमोनिया. आधीचं औषध संपून आठवडाही झाला नाही! सासऱ्यांनी, आप्पांनी, गच्चीवर दृष्टीच्या मिरच्या जाळल्या. ठसका लागून खाली आले. "ठसका लागला म्हणजे दृष्ट नाही. डॉक्टरांकडेच न्या."

२६ नोव्हें.
रिपोर्ट आले. तिच्या शरीरात अँटिबॉडीज पुरेशा बनतच नाहीत, म्हणून सारखं आजारपण. आता दर महिन्याला बाहेरून द्यायच्या, सलाइनसारख्या. किती वर्षं? डॉ. म्हणाल्या, "बघू." रिक्षात रडले. रेवा म्हणे, "सुई मला, आणि रडतेस तू?"

३ डिसें.
पहिला डोस. रेवाचा बाबा मंदार सिन्नरला कंपनीत, सुट्टी नाही. आप्पा आले. जन्मभर पंचवटीत भिक्षुकी, गोत्र विचारल्याशिवाय कुणाला संकल्प सांगत नाहीत. बाटलीकडे बघून सिस्टरना विचारलं, "हे कोणाचं?"
"हजारो रक्तदात्यांचं, काका."
"कुठले लोक?"
"सगळीकडचे."
आता काहीतरी बोलणार, मी धसकलेच. तर, "सगळ्यांच्या तब्येती बऱ्या आहेत ना?"

९ डिसें.
रेवा कारलं खाईना. "मी खाल्लं असतं गं, आतल्या लोकांना आवडत नाही." दूध सांडलं, तेही आतल्यांनीच. बाटलीतले लोक तिच्या आत राहतात, हे आप्पांचंच शिकवणं. खात्री आहे.

३१ डिसें.
दुसरा डोस. डोकं दुखलं, उलटी. सिस्टरनी थेंब हळू केले, मग बरं वाटलं. रेवा: "आत जागेवरून भांडण झालं."

४ जाने.
आप्पा गोदेवर आतल्या लोकांसाठी संकल्प करून आले. म्हटलं, नाव नाही, गोत्र नाही, कसं केलंत?
"गोत्र माहीत नसलं की काश्यप म्हणायचं. सोय आहे."
रेवा: "म्हणजे आता सगळे एका घरातले?"
"हो. भांडू नका म्हणावं."

१९ जाने.
डॉ.नी शाळेला परवानगी दिलेली. आज पहिला दिवस. बूट घालताना शिंकली. एकदाच. तिघं मोठे जागच्या जागी थिजलो. ताप नाही. व्हॅनवाला हॉर्न वाजवतोय. मंदार म्हणाला, "जाऊ दे तिला." सोडली.
दुपारी शाळेतून बाईंचा फोन. उचलेपर्यंत जीव अर्धा. "रेवाच्या आई, ही डब्यातली भाजी वाटतेय सगळ्यांना."
"शिंकतेय का?"
"अहो, थंडीत अख्खा वर्ग शिंकतोय!"
यात बरं काय नि वाईट काय, कळेना. आप्पा मघापासून फाटकाशी उभे आहेत. व्हॅन यायचीय अजून.