वजन तेवढंच आहे

अगं,

लेकीच्या पत्राला मी महिनाभर उत्तर दिलं नाही. "बाबा, आई नीट जेवते ना?" एवढंच तिने विचारलं होतं. तू म्हणालीस, "कळवाल तर याद राखा," आणि मी ते पत्र तसंच ठेवून दिलं.

दवाखान्यात बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, वाढल्याचं सांगितलं, तेव्हापासून तू रात्रीचं जेवण सोडलंस. काल न्हाणीघरात भोवळ आली, तरी मलाच ऐकवलंस, "पुस्तकं वाचून तुम्हाला काय कळतंय?" खरंच फारसं कळत नाही. म्हणून आज जुने कागद घेऊन डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. वजन तेवढंच आहे गं. वयाने तुझी उंची दोन बोटं घटली, म्हणून आकडा चढला. त्या म्हणाल्या, या वयात अंगावर थोडं मांस असलेलंच बरं; उपाशी राहून स्नायू झिजतात आणि पडायची भीती वाढते.

तू झोपली होतीस. उठवून वाद घालायचं त्राण माझ्यात नाही, म्हणून लिहितोय. मी तुझ्या गोळ्या आणायला जातोय. जेवण झाकून ठेवलंय. आधी पोटभर जेव, मग हवं तेवढं बोल.

लेकीला भोवळीचंसुद्धा कळवलंय. दवाखान्यातून येतानाच पत्र पेटीत टाकलं.